कळवणे वेगळे, विचारणे वेगळे

मोलेहून अनमोड घाट चढून गेले की गोव्याची हद्द संपते आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सुरू होतो. नंदिगड्डे ही याच तालुक्यातील एक ग्रामपंचायत. दाट जंगल, त्यात विखुरलेल्या वाड्या, भाताची खाचरे, घरामागे कंदमुळांचे वाफे, असा हा सारा मुलूख आहे. गोव्याच्या वर्तमानपत्रांत नंदिगड्ड्याचे नाव सहसा येत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत गोव्यात ज्या प्रकल्पांवरून रान उठले, त्यांतील अनेकांची वरची बाजू याच तालुक्यात आहे. लोहमार्गाच्या दुपदरीकरणातील तिनईघाट व कॅसलरॉक ही स्थानके जोयड्यात येतात. बेळगावहून येणारा महामार्ग रामनगर व अनमोडवरून गोव्यात उतरतो. ज्या म्हादई व्याघ्र प्रकल्पावरून सत्तरी, सांगे व काणकोणात अस्वस्थता आहे, त्याचे नियोजित क्षेत्र जोयड्यातील काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. जोयड्याने हे सारे आपल्या आधी अनुभवले. म्हणून गोव्यातील प्रकल्पांचे भवितव्य समजून घ्यायचे तर घाटाच्या वरून पाहणे उपयुक्त ठरते.

प्रश्न साधा आहे. सर्व परवाने हाती असूनही प्रकल्प का अडतात? सरकारी गोटातील नेहमीचे उत्तर असे की, लोकांना नीट समजावून सांगितले गेले नाही, किंवा कोणीतरी त्यांना भडकावले. दोन्ही उत्तरांत एक गृहीतक दडलेले आहे. निर्णय योग्यच आहे, तो लोकांच्या गळी उतरवणे तेवढे बाकी आहे, असे ते गृहीतक. प्रकल्प चालवणाऱ्या अधिकाऱ्याचे खरे कौशल्य हे गृहीतक बाजूला ठेवण्यात आहे. निर्णय झाल्यावर गावाला कळवणे आणि निर्णय होण्यापूर्वी गावाला विचारणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. आपली प्रशासकीय यंत्रणा पहिल्यात तरबेज आहे. दुसऱ्याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नाही.

तक्त्यातील चौथा कोपरा

इंग्रजीतील ‘स्टेकहोल्डर’ या शब्दासाठी मराठीत अनेकदा ‘भागधारक’ असे लिहिले जाते. वस्तुतः भागधारक म्हणजे कंपनीचे समभाग बाळगणारा. इथे अभिप्रेत आहे तो ज्याचे काही पणाला लागले आहे असा माणूस, म्हणजे हितसंबंधी. अमेरिकी अभ्यासक आर. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ साली आपल्या ग्रंथातून ही संकल्पना व्यवस्थापनशास्त्राच्या केंद्रस्थानी आणली. कंपनीने केवळ समभागधारकांचा विचार न करता कामगार, ग्राहक, पुरवठादार व आसपासचा समाज या सर्वांचा विचार करावा, असा त्यांचा आग्रह होता. प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्षेत्रात प्रमाण मानल्या जाणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शिकेत मात्र ‘हितसंबंधीयांचे व्यवस्थापन’ हे स्वतंत्र प्रकरण २०१३च्या आवृत्तीत आले. वेळापत्रक, खर्च, गुणवत्ता, जोखीम यांना आधीपासून स्वतंत्र जागा होती. माणसांना ती फार उशिरा मिळाली.

या विद्याशाखेत एक तक्ता सर्वत्र शिकवला जातो. एका बाजूला सत्ता, दुसऱ्या बाजूला स्वारस्य. ज्याच्याकडे सत्ता आणि स्वारस्य दोन्ही आहेत त्याला जवळ धरा. ज्याच्याकडे सत्ता आहे पण स्वारस्य नाही त्याला समाधानी ठेवा. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्यावर नुसती नजर ठेवा. आणि चौथ्या कोपऱ्यातला, ज्याचे स्वारस्य प्रचंड पण सत्ता शून्य, त्याला ‘माहिती देत राहा’. नंदिगड्ड्यासारख्या गावातील कुणबी शेतकरी या तक्त्यात नेमका चौथ्या कोपऱ्यात पडतो. त्याचे घर, शेत, देवराई, पाण्याचा झरा असे सारेच पणाला लागलेले असते, पण मंत्रालयात त्याचा आवाज पोहोचत नाही. तक्ता सांगतो की याला एक पत्रक पाठवले की काम भागले.

हा तक्ता खोटा नाही, पण तो एका दिवसाचे छायाचित्र आहे. सत्ता स्थिर राहत नाही. चौथ्या कोपऱ्यातील माणूस न्यायालयात गेला, शेजारच्या गावाशी जोडला गेला, शहरातील विद्यार्थ्यांनी त्याची बाजू घेतली, की तो पाहता पाहता पहिल्या कोपऱ्यात येऊन बसतो. तोवर यंत्रसामग्री आलेली असते, कंत्राट दिलेले असते आणि माघार घेण्याची किंमत कित्येक पटींनी वाढलेली असते. गोव्यात हे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे.

मोले: कायद्याने न सांगितलेले काम

मोलेतील तीन प्रकल्प आठवून पाहू. महामार्गाचे रुंदीकरण, कॅसलरॉक ते कुळे लोहमार्गाचे दुपदरीकरण आणि गोवा-तमनार वीजवाहिनी. वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने २०१९ची अखेर ते एप्रिल २०२० या काळात त्यांना हिरवा कंदील दाखवला. एप्रिलमधील बैठक तर टाळेबंदीच्या दिवसांत दूरदृश्य पद्धतीने झाली. भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या या प्रकल्पांची बातमी बहुसंख्य गोमंतकीयांना परवानगी मिळाल्यानंतर समजली.

इथे एक तांत्रिक बाब लक्षात घ्यायला हवी. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद आहे. तीस दिवसांची पूर्वसूचना, अहवालाचा स्थानिक भाषेतील गोषवारा, जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली खुली सभा, सभेच्या इतिवृत्ताचे जाहीर वाचन, असे सगळे त्यात लिहिलेले आहे. मात्र या अधिसूचनेच्या परिशिष्टात लोहमार्ग नाहीत आणि वीजवाहिन्याही नाहीत. म्हणजे मोलेतील तीनपैकी दोन प्रकल्पांना या अधिसूचनेखाली जनसुनावणी घेण्याचे बंधनच नव्हते. प्रकल्प अधिकाऱ्यांनी कायदा मोडला नाही. कायद्याने सांगितले नाही ते करण्याची गरज त्यांना वाटली नाही, इतकेच.

त्यानंतरचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. विद्यार्थी, वकील, कलावंत, पर्यटन व्यावसायिक, ग्रामस्थ असे एरवी एकत्र न येणारे लोक ‘आमचें मोलें’ या हाकेखाली एकवटले. १ नोव्हेंबर २०२०च्या रात्री चांदर येथे हजारो लोक दुपदरीकरणाविरुद्ध रस्त्यावर उतरले. गोवा फाउंडेशनच्या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय सक्षम समितीने एप्रिल २०२१मध्ये अहवाल दिला. नाजूक परिसंस्थेची एवढी हानी करून लोहमार्गाची क्षमता किरकोळच वाढणार असल्याने दुपदरीकरणाचे समर्थन होऊ शकत नाही, असे तिचे मत पडले. नवा पट्टा तोडण्याऐवजी विद्यमान वीजवाहिनीच्या पट्ट्याचा उपयोग करावा, असेही तिने सुचवले. २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने या शिफारशींच्या बाजूने कौल दिला. दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी ९ मे २०२२ रोजी रद्द झाली. जैवविविधतेवरील परिणामांचा सखोल अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडण्याची मुभा मात्र रेल्वेला राहिली.

वीजवाहिनीचा पर्यायी पट्टा न्यायालयाने शोधून काढलेला नव्हता. तो जमिनीवर आधीपासून होता. त्या पट्ट्याखालून रोज ये-जा करणाऱ्या माणसाने तो पहिल्याच बैठकीत दाखवला असता. आधी विचारण्याचा व्यावहारिक लाभ तो हाच. जो पर्याय दोन वर्षांच्या खटल्यानंतर मान्य करावा लागतो, तो एखाद्या गावबैठकीतच हाती लागू शकतो.

हितसंबंधी कोण, हे कोण ठरवणार?

पहिले कौशल्य अर्थातच ओळखण्याचे. प्रकल्प अधिकारी हितसंबंधीयांची यादी बहुधा महसुली कागदांवरून तयार करतो. ज्याच्या नावावर जमीन, तो बाधित. पश्चिम घाटात हा निकष हमखास फसतो, कारण इथे कसणारा आणि कागदावरचा मालक पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहिले आहेत.

शेळ-मेळावलीचे उदाहरण ताजे आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्थेसाठी सत्तरीतील या गावाची सुमारे दहा लाख चौरस मीटर जमीन सरकारने निश्चित केली. सरकारच्या लेखी ती सरकारी जमीन होती. गावाच्या लेखी ती पिढ्यांनी कसलेली, काजूच्या बागायतीची, गुरे चारण्याची जमीन होती. मोकासो, आल्वारा असे पोर्तुगीजकालीन गुंते तिच्यावर आजही सुटलेले नाहीत. ६ जानेवारी २०२१ रोजी सीमांकनाच्या वेळी ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष उडाला, अश्रुधूर सोडला गेला. पंधरवडाही उलटला नाही तोच, १५ जानेवारीला, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना प्रकल्प तिथून हलवण्याची घोषणा करावी लागली. २०१६ पासून फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तात्पुरता संसार मांडलेल्या या संस्थेची कायमच्या जागेसाठी लोलये, मेळावली, सांगे अशी भटकंती झाली. शिक्षणसंस्थेला कोणाचा तात्त्विक विरोध नव्हता. यादीत ज्यांची नावेच नव्हती अशा माणसांना वगळून जागा ठरवली गेली, हे दुखणे होते.

जोयड्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना गोव्यात २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. घाट चढून जोयड्यात गेले की तोच कुणबी समाज, तीच कंदमुळांची शेती, तेच सण. मात्र कर्नाटकात तो अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. त्यासाठीची मागणी अनेक वर्षे चालू आहे. याचा परिणाम केवळ आरक्षणापुरता नाही. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते, तर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरलेल्याला तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे. ज्या समाजाचा इतिहास कागदावर कधी उतरलाच नाही, त्याने पाऊणशे वर्षांचा पुरावा कुठून आणावा? एकच माणूस घाटाखाली हक्कदार ठरतो आणि घाटावर अतिक्रमक. जो अधिकारी केवळ यादी वाचतो त्याला हे दिसणार नाही. त्यासाठी वाडीवर जाऊन, गावातील जाणत्यांबरोबर शिवार पायी फिरून, कोण काय कसतो, कोणाची गुरे कुठे जातात, कोणता झरा कोणाचा, हे समजून घ्यावे लागते. तलाठ्याच्या दप्तरात हे सापडत नाही.

भांडण किमतीचे की मार्गाचे?

दुसरे कौशल्य आहे वाद नेमका कशाबद्दल आहे हे ओळखण्याचे. कोकण रेल्वेचा इतिहास या दृष्टीने वाचनीय आहे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे अध्यक्ष होते. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती. महाराष्ट्रातील कोकणात बहुसंख्य लोकांनी पिढीजात जमिनी फारशी खळखळ न करता दिल्या. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मुलुखात रेल्वे हे दोन पिढ्यांचे स्वप्न होते. तिथला प्रश्न मुख्यतः मोबदल्याचा आणि वेळेवर पैसे मिळण्याचा होता आणि त्यावर उत्तर होते.

तेच महामंडळ, तीच माणसे गोव्यात आली आणि वातावरण पालटले. इथे खाजन जमिनींचे काय, दाट वस्तीच्या किनारी तालुक्यांतून मार्ग का, तो आतल्या भागातून का नको, असे प्रश्न उभे राहिले. आंदोलन पेटले, काम काही काळ थांबले, १९९३मध्ये न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला. अखेरीस मार्ग बव्हंशी ठरल्याप्रमाणेच राहिला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. आज कोकण रेल्वेविना गोव्याची कल्पना करवत नाही, हेही खरे. तरीही मुद्दा उरतोच. कोकणात वाद मोबदल्याचा होता आणि गोव्यात मार्गाचा. मार्गाच्या प्रश्नाला मोबदल्याचे उत्तर दिले की लोकांना आपला अपमान झाल्यासारखे वाटते. ‘किती हवेत?’ हा प्रश्न ज्याला विकायचेच नाही त्याला विचारणे म्हणजे संवाद तिथेच संपवणे होय.

व्याघ्र प्रकल्पांच्या बाबतीतही हेच दिसते. गाभा क्षेत्रातून स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला केंद्राच्या योजनेतून २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याची तरतूद आहे. काळी व्याघ्र प्रकल्पातील काही कुटुंबांनी तो पर्याय स्वीकारला. आजारपण, मुलांचे शिक्षण, रस्त्याचा अभाव यांमुळे काहींना ते सोयीचे वाटले असेल. पण जो राहू इच्छितो त्याच्याशी आकड्यांची घासाघीस करून काहीच साधत नाही. त्याचा प्रश्न आहे तो जंगलात राहूनच रस्ता, वीज व दवाखाना का मिळत नाही, हा.

भाषा, जागा आणि वेळ

तिसरे कौशल्य बोलण्याचे वाटेल, पण ते प्रत्यक्षात ऐकण्याचे आहे आणि त्याची पहिली अट भाषा. जोयडा तालुक्यात राज्यभाषा कन्नड, घरातील भाषा बहुतांश ठिकाणी कोकणी, मराठी वाचणारेही पुष्कळ आणि प्रकल्पाचा मूळ अहवाल इंग्रजीत. समजा, उद्या नंदिगड्ड्यात एखाद्या प्रकल्पाची सुनावणी लागली. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी अकराची वेळ, नोटीस जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात, अहवाल कचेरीच्या कपाटात आणि महिना रोपणीचा. नियमांचे तंतोतंत पालन झाले. तरीही भर रोपणीत, एका बसने जाऊन दुसऱ्या बसने परतणाऱ्या बाईला सभागृहात उभे राहून परक्या भाषेत तीन मिनिटांत काय सांगता येईल? ती गप्प राहिली तर इतिवृत्तात ‘आक्षेप नाही’ अशी नोंद होईल. मौनाला संमती समजणे ही आपल्या प्रशासनाची जुनी खोड आहे.

जाणता प्रकल्प अधिकारी याच्या उलट करील. तो वाडीवर जाईल, शेतीची कामे आटोपल्यावर जाईल, कोकणीत बोलणारा सहकारी बरोबर नेईल, स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलेल आणि नकाशा कागदावर दाखवण्याऐवजी जमिनीवर खुंट्या मारून दाखवील. पहिल्या भेटीत तो काही पटवून देण्याच्या फंदात पडणार नाही. आलेले आक्षेप तो लोकांसमोर वाचून दाखवील आणि पुढच्या भेटीत त्यांतील कशाचे काय झाले ते सांगेल. यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. वेळ मात्र जातो, आणि नेमका तोच आपल्या प्रकल्पांच्या वेळापत्रकात धरलेला नसतो. भूसंपादन, निविदा, पावसाळा या सर्वांसाठी महिने राखून ठेवले जातात. ऐकण्यासाठी एक आठवडाही नसतो.

वचनाची वही

चौथे कौशल्य सर्वांत दुर्लक्षित आहे आणि ते म्हणजे दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवणे. जोयड्याला याचा कडवट अनुभव आहे. या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी नदीवर गणेशगुडी येथे बांधलेल्या सुपा धरणाच्या जलाशयात ते सुपा गावच बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले आणि विस्थापितांसाठी रामनगर वसले. १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७मध्ये पूर्ण झाले. काळीच्या खोऱ्यातील वीज राज्यभर गेली. त्याच तालुक्यातील कित्येक वाड्यांना मात्र दिव्यासाठी पुढची अनेक वर्षे थांबावे लागले. ज्या गावाने धरणासाठी जमीन सोडली, त्याच्या नातवाला पुन्हा कोणी ‘विकासासाठी त्याग करा’ म्हटले तर तो कोणत्या चेहऱ्याने ऐकेल? प्रकल्प अधिकारी नवा असतो. गावाची आठवण जुनी असते.

गोव्याने हे कुर्डीत पाहिले आहे. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातील कुर्डी गाव बुडणार हे ठरले, तेव्हा पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात गेले. दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, हे त्यांनी ग्रामस्थांना समोरासमोर सांगितले. गावाने भाऊंच्या शब्दावर विश्वास ठेवला. वरिष्ठाने स्वतः जाणे आणि अप्रिय गोष्ट न लपवता सांगणे याचे ते उत्तम उदाहरण होते. १९७३मध्ये बांदोडकरांचे निधन झाले, धरण पुढच्या दशकात भरले आणि कुर्डीकर वाडे व वाल्किणी येथे गेले. साळावलीचे पाणी दक्षिण गोव्यात सर्वदूर खेळले. पुनर्वसित वसाहती मात्र पाणीटंचाईची तक्रार वर्षानुवर्षे करीत राहिल्या. आजही मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. शब्द देणारा गेला, शब्दाची नोंद कुठेच नव्हती, मग तो पाळण्याची जबाबदारी कोणावर?

म्हणून दिलेले प्रत्येक आश्वासन तारखेसह, जबाबदार पदासह लिहून त्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवणे, हे प्रकल्प व्यवस्थापनाचे अंग मानले पाहिजे. वनहक्क कायद्याने हे तत्त्व एका बाबतीत स्वीकारले आहे. संरक्षित क्षेत्रातील पुनर्वसनासाठी ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण लेखी संमती लागते आणि नव्या जागी जमीन व सुविधा पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही हलवता येत नाही. धरणाच्या काळात ही अट असती तर रामनगर व वाल्किणीचा इतिहास निराळा झाला असता.

‘नाही’ ऐकण्याची तयारी

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. प्रत्येक वाडीला विचारत बसलो तर कोणताच प्रकल्प उभा राहणार नाही. वीज सर्वांना हवी, रस्ते सर्वांना हवेत, तारा मात्र कोणाच्याच अंगणावरून जायला नकोत. या आक्षेपात तथ्य आहे. गोव्याला बाहेरून वीज घ्यावी लागते आणि ती कोणत्या ना कोणत्या जंगलावरूनच येणार. परंतु न विचारल्यामुळे वाचलेला वेळ खरोखर वाचतो का, हे मोले आणि मेळावलीच्या अनुभवावरून तपासावे. विरोध टाळता येतो असा कोणाचाच दावा नाही. विरोध लवकर समजला तर मार्ग बदलणे स्वस्त पडते, उशिरा समजला तर महाग.

दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ही सारी ‘कौशल्ये’ लोकांना गोड बोलून वळवण्याची साधने ठरू शकतात. अमेरिकी अभ्यासिका शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या तळाशी त्यांनी फसवणूक ठेवली, मधल्या पायऱ्यांवर माहिती देणे व सल्लामसलत यांसारखे दिखाऊ सहभाग आणि अगदी वर प्रत्यक्ष सत्तेतील वाटा. आपल्याकडील बहुतेक सुनावण्या मधल्या पायऱ्यांवर थांबतात. वरची पायरी गाठण्याची खूण एकच, गावाने ‘नाही’ म्हटले तर काहीतरी बदलले पाहिजे. ओडिशातील नियमगिरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो मानला गेला. प्रत्येक ठिकाणी नकारच येईल असे नाही. पण नकाराची शक्यताच नसेल तर होकाराला काय मोल?

इथे दोष केवळ प्रकल्प अधिकाऱ्याच्या पदरी टाकणेही अन्यायाचे आहे. बहुतेकदा त्याला मार्ग बदलण्याचा अधिकारच नसतो. आखणी दिल्लीत होते, कंत्राट अन्यत्र निघते आणि गावापुढे उभा राहतो तो ज्याच्या हाती काहीच नाही असा माणूस. त्याने कितीही मनापासून ऐकले तरी ऐकलेले पोहोचवायला वाट नसते. म्हणून कौशल्याबरोबर अधिकारही द्यावा लागेल. कोणत्या बाबी बदलू शकतात, कोणत्या बदलू शकत नाहीत आणि त्या का, हे गावाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्याची मुभा त्याला हवी. जे बदलणार नाही ते बदलेल असे भासवणे हा सर्वांत महागडा खोटेपणा असतो.

म्हादईसमोरील कसोटी

हे सारे आज गोव्याच्या दारात उभे आहे. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आणि वननिवासींचे दावे बारा महिन्यांत निकाली काढण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५मध्ये त्या न्यायालयाने जैसे थे स्थिती ठेवून प्रकरण केंद्रीय सक्षम समितीकडे पाहणीसाठी सोपवले. न्यायालयीन लढाईत एक पक्ष वाघाचा आणि दुसरा माणसांचा असे चित्र उभे राहिले आहे. ते दोघांवरही अन्याय करणारे आहे.

जानेवारी २०२०मध्ये सत्तरीतील गोळावली परिसरात चार वाघ विषबाधेने मेले. गुरे मारली गेल्याच्या रागातून हे घडल्याचे तपासात पुढे आले. वाघांची हत्या असमर्थनीयच. पण गुरे गमावलेल्या माणसाला भरपाई कधी, किती आणि कोणाकडून मिळेल याचा भरवसा असता, वनरक्षक त्याच्या दारी शत्रू म्हणून न येता शेजारी म्हणून आला असता, तर कदाचित ते चार वाघ आज जिवंत असते. हितसंबंधीयांशी संवाद हा कार्यशाळांतील गुळगुळीत विषय वाटतो. त्याच्या अभावी काय घडते, हे गोळावलीने दाखवले.

या संदर्भात सरकारला काही गोष्टी आजच करता येतील. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज नाही. वनहक्काचे वर्षानुवर्षे रेंगाळलेले दावे निकाली काढावेत. कोणाचा हक्क काय हे ठरल्याशिवाय त्याच्याशी बोलणी तरी कशाची करणार? वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार व्याघ्र प्रकल्पाच्या बाह्य क्षेत्राची सीमा ग्रामसभेशी विचारविनिमय करून ठरवायची असते. तो विचारविनिमय अधिसूचनेनंतरचा सोपस्कार न ठरता, सीमारेषा आखण्यापूर्वी प्रत्येक गावात, गावाच्या भाषेत व्हावा. गाभा क्षेत्र म्हणजे काय, बाह्य क्षेत्रात शेती, बागायत, घरदुरुस्ती यांचे काय होते, कोणाला हलवले जाईल आणि कोणाला नाही, याची लेखी उत्तरे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावीत. अफवांना उत्तर देण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

आणि सत्तरी, सांगे, काणकोणातील काही ग्रामस्थांना घाट चढून जोयड्यात पाठवावे. त्यांच्याबरोबर वनखात्याचे अधिकारीही असावेत. व्याघ्र प्रकल्प दांडेली-अणशी या नावाने २००७मध्ये जाहीर झाला, त्याला काळीचे नाव २०१५मध्ये मिळाले. एवढ्या वर्षांत जोयड्याच्या गावांत काय सुधारले, काय बिघडले, कोणते आश्वासन पाळले गेले आणि कोणते हवेत विरले, हे तिथल्या कुणब्याने त्याच भाषेत बोलणाऱ्या इथल्या कुणब्याला सांगावे. नंदिगड्ड्याच्या एखाद्या वाडीवर बसून झालेले हे बोलणे दोन्ही सरकारांच्या प्रतिज्ञापत्रांपेक्षा अधिक काही सांगून जाईल. ते ऐकायला जे अधिकारी जमिनीवर मांडी घालून बसतील आणि उठताना नकाशावरील एखादी रेघ खोडायला तयार असतील, त्यांच्याच हातून यापुढे या डोंगरांत काही उभे राहील.